सूडकथा संपते, मेंदू जागाच राहतो

मैत्रिणीने ‘एकदा बघच’ म्हणून सुचवलेली कोरियन मालिका रात्री नऊला सुरू होते आणि मोबाइल खाली ठेवेपर्यंत दीड वाजलेला असतो. डोळे दुखतात, झोप मात्र येत नाही.

‘द ग्लोरी’ हे अशा मालिकांतलं ठळक नाव. डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये मिळून १६ भाग आले. शाळेत वर्गमैत्रिणींनी केस कुरळे करण्याच्या तापत्या यंत्राचे चटके दिलेली मुलगी मोठेपणी शिक्षिका होते आणि छळणारीच्याच लेकीच्या वर्गावर येते. पुढचं पाहिल्याशिवाय राहवत नाही ते उगाच नाही. झुरिच विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये मेंदूच्या चित्रणातून दाखवलं, की विश्वासघात करणाऱ्याला शिक्षा करताना ‘स्ट्रायटम’ हा भाग सक्रिय होतो. बक्षीस मिळणार असलं की जागा होणारा हाच तो भाग.

पण ही गोडी बरीचशी अपेक्षेतली आहे. २००८ मध्ये कार्लस्मिथ, विल्सन आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात, दगा देणाऱ्या खेळाडूला दंड करता आला तर बरं वाटेल असा लोकांचा अंदाज होता. झालं उलटं. दंड करणारेच त्याच्याविषयी अधिक काळ विचार करत राहिले आणि त्यांचं मन अधिक खट्टू झालं.

शिक्षेनंतरचं हे उरलेलं मालिकेत दिसत नाही, गावात दिसतं. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत दारूबंदीच्या सुरुवातीच्या काळात दारू पिऊन येणाऱ्यांना खांबाला बांधून फटके दिल्याचं खुद्द अण्णा हजारे यांनी सांगितलं आहे. त्यावर टीकाही झाली. तो सूड नव्हता, हे खरं. पण फटके देणारा आणि खाणारा दुसऱ्या दिवशी त्याच गावात समोरासमोर येणारच. पडद्यावर खलनायक संपला की श्रेयनामावली सुरू होते.

झोपेचं गणित वेगळं. बेल्जियममध्ये १८ ते २५ वयाच्या ४२३ तरुणांच्या २०१७ मधल्या पाहणीत, सलग भाग पाहणाऱ्यांची झोप अधिक खराब आढळली आणि त्याचा संबंध झोपण्यापूर्वी मनात चालू राहणाऱ्या विचारांशी दिसला. प्रत्येक भाग ऐन पेचात तोडलेला असतो, म्हणून भाग संपल्यावर थांबणं सगळ्यांत अवघड. त्यापेक्षा नवा भाग लावून पहिली पंधरा-वीस मिनिटं पाहावीत, आधीचा पेच सुटला की तिथेच बंद करावं. आपोआप पुढचा भाग लागण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते.

मालिका सुचवणाऱ्यानेही थोडं भान ठेवावं. ज्याने शाळेत किंवा घरी मार, अपमान सोसला आहे, त्याला ती दृश्यं करमणूक वाटतीलच असं नाही. छातीत धडधड, जुन्या आठवणी, दिवसभर डोक्यात सुडाचेच विचार असं होऊ लागलं, तर पाहणं थांबवून ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येतं, मराठीतही.