ठिपक्यांमागचा चेहरा : हाफटोन आणि आजची चित्रकला

आज सुरुवातीला एक काम सांगतो. घरी गेल्यावर आजचं वर्तमानपत्र घ्या, त्यातला कुठलाही फोटो भिंगाखाली धरा. चेहरा दिसणार नाही, ठिपके दिसतील. ज्या फोटोवर आपण सकाळी चहा पिताना विश्वास ठेवला, तो प्रत्यक्षात कागदावर नाहीच आहे. तो आपल्या डोळ्यांत तयार झाला. आजचं सगळं व्याख्यान या एका गोष्टीभोवती आहे.

आधी तंत्र समजून घेऊ. छपाईयंत्राकडे काळी शाई असते, करडी नसते. शाई एक तर लागते, नाही तर लागत नाही. मग फोटोतल्या सावल्या छापायच्या कशा? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला यावर उपाय निघाला. जर्मनीत गेओर्ग माइझेनबाख यांनी 1882 मध्ये हाफटोनचं पेटंट घेतलं. बारीक रेषांच्या जाळीतून फोटोचा फोटो घ्यायचा. गडद जागी ठिपके मोठे येतात, उजळ जागी लहान. शाई तीच, फक्त ठिपक्याचा आकार बदलतो, आणि लांबून डोळा त्याची करडी छटा करतो. आपल्याकडच्या जुन्या छापखान्यांत ‘ब्लॉक करायला दिलाय’ असं म्हणत, तो फोटोचा ब्लॉक म्हणजे हाच. या तंत्रावर भारतातही मूलभूत काम झालं. सत्यजित राय यांचे आजोबा उपेंद्रकिशोर राय चौधुरी कलकत्त्यात बसून हाफटोनवर प्रयोग करत होते आणि त्यांचे लेख लंडनच्या ‘पेनरोज’ वार्षिकात छापून येत होते.

इथे एक नेहमीचा घोटाळा दूर करतो. ठिपके म्हटले की लोकांना रॉय लिक्टेनस्टाइन आठवतात. पण त्यांचे ठिपके बहुतांशी ‘बेन-डे’ पद्धतीचे, म्हणजे कॉमिक्सच्या छपाईतले. ते एका पट्ट्यात सगळे सारख्या मापाचे असतात. त्यातून सपाट फिका रंग मिळतो, फोटोतली सावली मिळत नाही. 1961 च्या ‘लुक मिकी’ या चित्रात त्यांनी ते कुत्र्याचे केस विंचरायच्या ब्रशने उमटवले होते! (हशा) पुढे ते छिद्रं पाडलेल्या पत्र्यातून रंग उतरवू लागले. हाफटोन वेगळा. त्यात प्रत्येक ठिपका शेजारच्यापेक्षा वेगळ्या मापाचा असू शकतो, आणि त्या फरकातच चित्र असतं.

हा हाफटोन कॅनव्हासवर आणून त्याला प्रश्न विचारणारा चित्रकार म्हणजे जर्मनीचा सिग्मार पोल्के. जन्म 1941 चा. कुटुंब 1953 मध्ये पूर्व जर्मनीतून पश्चिमेकडे आलं. म्हणजे लहानपणी एका बाजूला सरकारी प्रचाराची चित्रं, आणि इकडे आल्यावर जाहिरातींची. दोन्ही छापीलच. 1963 मध्ये ड्युसेलडॉर्फमध्ये गेरहार्ड रिश्टर वगैरे मित्रांबरोबर त्याने आपल्या कामाला ‘भांडवली वास्तववाद’ असं नाव दिलं. पूर्वेकडच्या ‘समाजवादी वास्तववादा’ला मारलेला तो टोमणा होता.

त्याच वर्षी त्याने ली हार्वे ओस्वाल्डचा चेहरा ठिपक्यांत काढला. केनेडींच्या हत्येचा आरोप असलेला हा माणूस. त्याचा चेहरा जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आला होता आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपण त्याला पाहिलंय. पोल्केने पेन्सिलीच्या मागचं रबर रंगात बुडवून एकेक ठिपका उमटवला. आता बघा काय होतं. आपण पुराव्यासाठी जवळ जावं, तर चेहरा विरून जातो. जितकं निरखून पाहावं तितकं कमी कळतं. फोटो म्हणजे पुरावा, या समजुतीलाच धक्का बसतो.

दुसरी गोष्ट चुकांची. यंत्राचा ठिपका निर्विकार असतो. हाताचा ठिपका कधी पसरतो, कधी शेजारच्याला चिकटतो, कधी राहूनच जातो. पोल्के हे डाग पुसत नाही. त्याचं ‘मैत्रिणी’ हे 1965-66 चं चित्र बघा. दोन तरुणी, मासिकात शोभतील अशा. पण ठिपके एकमेकांत मिसळून मधेच गाठी झाल्यात. त्या पोरींचं आकर्षण आणि ते आकर्षण तयार करणारी छपाई, दोन्ही एकाच वेळी समोर येतं.

आता, जे स्वतः चित्र काढतात त्यांच्यासाठी थोडा हिशोब. साधारण निरोगी डोळा एक मीटर अंतरावरून सुमारे 0.3 मिलिमीटरचा तपशील वेगळा ओळखतो. तुमचे ठिपके 5 मिलिमीटर अंतरावर असतील, तर ते पूर्ण मिसळून जायला प्रेक्षकाला जवळजवळ 17 मीटर मागे जावं लागेल. चेहरा आधीच ओळखू येईल, पण ठिपके हटणार नाहीत. दालन सात मीटरचं असेल तर चित्र आणि जाळी यांच्यात ओढाताण चालूच राहणार. म्हणून ठिपक्याचं माप ठरवताना फक्त कॅनव्हास मोजू नका, प्रेक्षक कुठे उभा राहणार तेही मोजा. रंगीत हाफटोन करणार असाल तर चारही रंगांच्या जाळ्या वेगवेगळ्या कोनांत फिरवाव्या लागतात. कोन चुकले तर लहरींसारखी नक्षी उमटते, तिला मॉयरे म्हणतात. छापखान्यात तो दोष. चित्रकाराने तो जाणून घेतला, तर तेही साधन.

मला नेहमी विचारतात, ‘सर, फोनमध्ये एका क्लिकवर हाफटोन होतो, मग हाताने कशाला?’ प्रश्न रास्त आहे. फिल्टर ठिपके देतो, पण फोटोबद्दल शंका देत नाही. नुसती जुन्या छपाईची गंमत हवी असेल तर फिल्टर पुरे. पण हा फोटो कोणी निवडला, किती वेळा छापला, मला तो खरा का वाटला, हे विचारायचं असेल, तर हजारो ठिपके एकेक करून उमटवताना तुम्हाला त्या प्रश्नाबरोबर तासन्‌तास बसावं लागतं. तो वेळ चित्रात उतरतो.

आज आपल्या हातातल्या पडद्यावरची चित्रंही ठिपक्यांचीच आहेत, फक्त ते इतके बारीक झालेत की भिंगाशिवाय दिसत नाहीत. पोल्केच्या काळी वर्तमानपत्राचा ठिपका निदान जवळून दिसायचा तरी. म्हणून ते भिंग विसरू नका. आता प्रश्न घेऊ या.