क्षीण लहरीचा कौल: रेडिओ-घड्याळांच्या रिसीव्हरचा मागोवा

फ्रँकफर्टनजीकच्या माइनफ्लिंगेन येथून ७७.५ किलोहर्ट्‌झच्या दीर्घलहरीवर प्रमाणवेळेचे प्रक्षेपण १९५९ सालीच सुरू झाले असले, तरी तास, मिनिटे आणि तारीख यांचा संकेत त्या लहरीत १९७३ साली दाखल झाला, आणि कोणाच्या हाताचा स्पर्श न होता स्वतःची वेळ दुरुस्त करणाऱ्या तेथील घरगुती घड्याळांचा मार्ग तेव्हापासून मोकळा झाला. संकेताची योजना साधी व म्हणूनच सुंदर आहे: सेकंदाच्या आरंभी लहर क्षीण होते; ती क्षीणता सेकंदाचा एक दशांश टिकली तर शून्य, दोन दशांश टिकली तर एक; आणि मिनिटाच्या अखेरच्या सेकंदाला ती मुळीच न आल्याने नव्या मिनिटाची वर्दी मिळते.

आरंभीच्या रिसीव्हरांचा दस्तूर ठरलेला होता. फेराइटच्या कांडीवरील अँटेना, स्फटिकाची गाळणी, आपोआप कमीजास्त होणारे प्रवर्धन, आणि शेवटी लहरीची उंची एका मर्यादेखाली गेली की नाही एवढाच निवाडा. याच मार्गाने युंगहान्स कंपनीने १९९० साली चामडी पट्ट्यात अँटेना बसवलेले मनगटी घड्याळ बाजारात आणले, ही कारागिरी आजही आदरास पात्र आहे. परंतु प्रत्येक सेकंदाचा निकाल त्याच सेकंदाला लावण्याची ही पद्धत गोंगाटापुढे हतबल होई. जुन्या टीव्हीच्या पडद्यावर सेकंदाला १५,६२५ रेषा उमटत आणि त्या वारंवारतेची पाचपट संकेत वाहणाऱ्या मूळ लहरीपासून, म्हणजे वाहकलहरीपासून, अवघ्या ६२५ हर्ट्‌झवर येत असल्यामुळे, टीव्हीशेजारी ठेवलेल्या घड्याळाला शेकडो किलोमीटर दूरचा क्षीण आवाज ओळखणे दुरापास्त होई.

संपूर्ण अंकीय पद्धतीने हा निवाडाच लांबणीवर टाकला, आणि माझ्या मते तिचे सारे सामर्थ्य या संयमात आहे. लहरीचे नमुने सेकंदाला ६२,००० वेळा घेतले, तर दोन नमुन्यांच्या दरम्यान लहर सव्वा फेरा पुढे जाते. म्हणून गुणाकाराची यातायात न करता, केवळ चिन्हे बदलत बेरीज-वजाबाकी केली की लहरीची उंची आणि कला (म्हणजे फेऱ्यातील तिचे स्थान) दोन्ही हाती येतात. नमुना धन की ऋण एवढीच नोंद ठेवली, तरी साधारण गोंगाटात सुमारे दोन डेसिबलांचेच नुकसान होते. किंबहुना अशा एकअंकी नोंदीत लहरीची उंची कळण्यास थोडा गोंगाट लागतोच, कारण लहर क्षीण होताच चिन्हे विस्कळीत होतात आणि बेरीज घटते, त्या घटीवरूनच सेकंदाची खूण सापडते.

पुढचे काम दफ्तरी चिकाटीचे. सेकंदाचे शंभर कप्पे करून सेकंदामागून सेकंद त्यांत बेरजा जमा केल्या की, यदृच्छ गोंगाट परस्परांत विरून शंभर सेकंदांत खुणेचे पारडे त्याच्या तुलनेत दहापट जड होते. शिवाय एकदा वेळ हाती लागल्यावर पुढच्या मिनिटाचा संकेत आधीच ठाऊक असतो. तेव्हा अंक वाचावयाचे नसून अपेक्षित अंकांशी ताडून पाहावयाचे असतात.

वाहकलहरीच्या कलेत ५१२ अंकांची छद्मयादृच्छिक माला गुंफण्याची तजवीज माइनफ्लिंगेनने १९८३ सालीच केली होती. अमेरिकेतील फोर्ट कॉलिन्सच्या केंद्राने कलेतून संकेत देण्यास २०१२ साली आरंभ केला. केवळ उंची मोजणाऱ्या रिसीव्हरला माइनफ्लिंगेनची ही माला ऐकूच येत नाही, अंकीय सहसंबंधाला मात्र ती सेकंदाची सीमा कितीतरी सूक्ष्मतेने दाखवते. इतके असूनही स्वस्त घड्याळांत अद्याप उंचीचाच अंमल चालू राहावा, याची मला मनापासून खंत वाटते.