डावखुऱ्या हाताची मींड : आल्बर्ट किंग

बाजारातली गिटार उजव्या हातासाठी असते. डावखुऱ्या जिमी हेंड्रिक्सने ती उलटी धरली आणि तारा मात्र नव्या क्रमाने चढवून घेतल्या. ब्लूज गायक-वादक आल्बर्ट किंग (१९२३–१९९२) यांनी तेवढेही केले नाही. गिटार उलटी, तारा जिथल्या तिथे. म्हणजे बारीक तारा वर, जाड तारा खाली.

ब्लूजमध्ये तार पडद्यावर आडवी ताणून सूर चढवतात. सतारीची मींड ऐकलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. उजवा वादक बारीक तार बहुधा वर ढकलतो. किंग ती खाली, तळव्याकडे खेचत. मूठ मिटतानाचे सारे बळ त्या एका तारेवर येई. त्यात तारा सैल लावलेल्या, छेडायला नखी नाही, नुसता अंगठा. सूर मोजकेच, पण एकेक सूर रडवेला होईपर्यंत ताणलेला. मुलाच्या डावखुरेपणावर गोळ्या मागणारे पालक माझ्या दवाखान्यात अजून येतात. त्यावर औषध नाही, आणि नकोच.

किंग मिसिसिपीचे. काही काळ त्यांनी बुलडोझर चालवला. मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीने १९६७ मध्ये ‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’ ही तबकडी काढली, तेव्हा ते चाळिशी ओलांडून गेले होते. त्यानंतर एरिक क्लॅप्टनसारखे रॉकवाले तरुण ती मींड उचलू लागले. १९८३ मध्ये कॅनडात दूरचित्रवाणीसाठी त्यांच्या शेजारी बसून वाजवणारा स्टीव्ही रे व्हॉन उजव्या हाताचा. किंगची खाली खेचलेली तार त्याने वर ढकलून साधली होती.