तळहाताला कळणारा मिलिमीटर

तुणतुण्याला दांडी असते, पण तिच्यावर बोट दाबून सूर कुणी काढत नाही. लाकडी नळकांडं, त्याच्या कडेला पक्की केलेली काठी, काठीच्या टोकाला खुंटी आणि ताणलेली एकच तार. सुरत्या ती छेडत राहतो आणि तार आपला एकच सूर धरून राहते. वारकऱ्याच्या वीणेचंही तसंच. सप्ताहात वीणा जमिनीला टेकत नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. डाव्या हातानं दांडी धरायची, उजव्या हाताचं बोट तारांवर फिरवायचं. तंबोऱ्याची दांडी तर गायकाच्या खांद्यापाशी उभी असते, तारा मोकळ्याच वाजतात. या सगळ्या वाद्यांत दांडीचं काम एकच : तारा ताणून धरायच्या आणि आपण वाकायचं नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या मोडनिंबला हे सगळे आवाज जवळचे आहेत. इथली कला केंद्रं लावणीच्या रसिकांना महाराष्ट्रभर ठाऊक आहेत, आणि पंढरपूर तर शेजारीच. मोडनिंब स्टेशनातून जाणारी रेल्वे कुर्डुवाडीहून पंढरपूरला आणि तिथून पुढे मिरजेला जाते. बार्शी लाइट रेल्वेची ही लाईन, तेव्हा अडीच फुटी रुळांची, १९०६ साली पंढरपूरला आणि १९२७ साली मिरजेला पोहोचली. पंढरपूर-मंगळवेढा भागातल्या शेतांत जाड सालीचे मोठे भोपळे पिकतात आणि वाळून मिरजेच्या सतारमेकरांकडे जातात, तिथं त्यांचे तंबोरे आणि सतारी होतात. म्हणजे तंतुवाद्याचं पोट सोलापूर जिल्ह्यात पिकतं आणि त्याला दांडी मिरजेत बसते.

ही दांडीच मला अनेक वर्षं खुणावते आहे. तिच्यावर बोटं चालवायची ठरली की लाकडाकडून मागणी एकदम बदलते. आता तिनं तारा तर ताणून धरायच्याच, शिवाय हाताला आपण आहोत हे जाणवूही द्यायचं नाही. या मागणीचं सर्वांत कठीण रूप मला बेस गिटारमध्ये दिसतं. इतका खर्ज, इतकी लांब दांडी, आणि तिच्यावर डाव्या हाताची चारही बोटं सतत धावणार.

आधी मिरजेचं उत्तर पाहू, कारण ते फार सुंदर आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथं तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तुणीच्या लाकडाची ती सतारीची दांडी आठवा : जवळजवळ नऊ सेंटीमीटर रुंद. बेस गिटार वाजवणाऱ्याच्या हातात एवढी रुंद दांडी दिली तर तासाभरात मनगट बोलू लागेल. मग सतारियाला ती कशी चालते? कारण त्याचं बहुतेक सगळं गाणं बाजाच्या एका तारेवर चालतं. त्याचा हात दांडीवर वर-खाली सरकतो. आडवा, एका तारेवरून चौथ्या तारेवर असा तो क्वचितच पसरतो. काम मुख्यतः तर्जनी आणि मध्यमेचं, अंगठा मागे नुसता टेकलेला. रुंदी लागते ती मींडेसाठी. पडद्यावर दाबलेली तार बाजूला खेचून चार-पाच सूर वर न्यायची, तर तिला सरकायला अंगण हवं. पडदेही त्यासाठीच कमानदार. हात कसा चालतो हे आधी ठरलं आणि दांडी त्याप्रमाणे घडली.

बेस गिटारचा हात दोन्ही दिशांनी चालतो, आणि अंतरं मोठी आहेत. सूर खाली न्यायचा तर तार लांब करावी लागते, सैल सोडावी लागते किंवा जड करावी लागते. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. उभ्या डबल बेसला त्यासाठी मीटरभराहून लांब तार लागते. लिओ फेंडरनं १९५१ साली आपला प्रिसिजन बेस काढला तेव्हा तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर धरली, आणि आजही बहुतेक बेस याच मापाचे असतात. यावर फ्रेट, म्हणजे पडदे, कुठं बसवायचे याचा हिशेब सोपा आहे. उरलेल्या लांबीला १७.८१७ नं भागायचं, पुढचा फ्रेट तिथं. पहिला फ्रेट साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटरवर येतो, बारावा बरोबर मध्यावर. आता पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचं अंतर मोजा : जवळपास १३० मिलिमीटर. साध्या गिटारवर हेच अंतर ९७ मिलिमीटरच्या आसपास भरतं. करंगळीला तेवढं जास्त धावायचं आहे, आणि तेही जाड, ताठ तारेवर. डबल बेसवाल्यांची एक जुनी पद्धत यावर उपाय म्हणून अनामिका आणि करंगळीला जोडीनं वापरते : पहिलं, दुसरं, चौथं. अनामिका करंगळीला आधार देते. पाचव्या फ्रेटच्या वर गेलं की तेवढ्याच फ्रेटचं अंतर १०३ मिलिमीटरवर येतं आणि हात सैलावतो.

इथं शरीराची एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. बोटं वाकवणारे मोठे स्नायू हातात नाहीतच, ते कोपर आणि मनगटाच्या मध्ये आहेत. त्यांच्या दोऱ्या मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटांपर्यंत जातात. मनगट खूप वाकवलं की त्या बोगद्यातली जागा आवळते आणि पकडीची ताकदही कमी होते. म्हणून नेक, म्हणजे गिटारची दांडी, हाताला सोयीची आहे म्हणजे काय, तर ती मनगटाला सरळ राहू देते. जाड नेक अंगठा आणि बोटांमधलं अंतर वाढवते, मग बोटं तारेवर वरून येण्याऐवजी आडवी पडतात, आणि तो ताण भरून काढायला मनगट वाकतं. फार बारीक नेकही सुखाची नसते. अंगठ्याला रेलायला काही नसलं की हात चिमटीत धरल्यासारखा आवळतो आणि अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. हे फार जणांना पटत नाही. बारीक म्हणजे आरामाची, असं दुकानात सरसकट सांगितलं जातं, आणि मोठ्या हाताचा वाजवणारा ती घेऊन दुखणं पदरात पाडून घेतो.

मला चकित करणारी गोष्ट पुढेच आहे. दोन नेक घ्या. दोन्ही पहिल्या फ्रेटपाशी २१ मिलिमीटर जाड, दोन्हींची रुंदी सारखी. कॅलिपर लावला तर आकडे तेच. पण हातात घेतल्यावर एक भरलेली, जड वाटते आणि दुसरी सडपातळ. फरक कुठं आहे? खांद्यांत. नेकच्या पाठीचा सर्वांत उंच भाग आणि कडा यांच्या मधल्या उताराला मी खांदा म्हणतो. हा उतार फुगीर ठेवला तर पाठ इंग्रजी यू अक्षरासारखी होते, सपाट पाठ आणि गोल कडा ठेवल्या तर डीसारखी, हलका गोल दिला तर सीसारखी, मध्ये कणा ठेवला तर व्हीसारखी. तळहात आणि बोटांची मुळं या खांद्यांनाच टेकतात. मधली जाडी हाताला जाणवतेच असं नाही. म्हणून खांद्यावरून अर्धा मिलिमीटर काढला की नेक हातात बदलते, आणि मोजपट्टीला पत्ताही लागत नाही.

आपल्या त्वचेला एवढं कसं कळतं? स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांचं फिरतं बोट सुमारे १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या ओळखू शकलं. १३ नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरच्या लाखाव्या भागापेक्षा जरासंच जास्त. नेकवरचा उंचवटा डोळ्याला दिसायच्या कितीतरी आधी हाताला सापडतो, यात मग नवल उरत नाही. घडवणारा डोळे मिटून नेकवर हात फिरवतो ते त्यासाठीच.

रुंदीचंही तसंच. फेंडरच्या सुरुवातीच्या प्रिसिजन बेसची नेक वरच्या टोकाला सुमारे ४४ मिलिमीटर रुंद होती. १९६० साली आलेल्या जॅझ बेसवर ती ३८ झाली. सहा मिलिमीटरच, पण कित्येक वादक एकाच मापाशी आयुष्यभर निष्ठा राखून असतात.

मग सगळ्यांसाठी हवी तेवढी बारीक नेक का करू नये? कारण पलीकडून तारा ओढत असतात. चार तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास जातो, रात्रंदिवस. आणि लाकडाचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. २२ मिलिमीटरची नेक २० वर आणली की जाडी कमी होते जेमतेम अकराव्या हिश्शानं, ताठपणा मात्र पाव हिश्शानं घटतो. हाताला दोन मिलिमीटर दिले आणि तारांना चौथाई ताकद दिली, असा तो सौदा आहे. यावरचा तोडगा नेकच्या पोटात दडलेला असतो : ट्रस रॉड, म्हणजे खाचेत बसवलेली स्टीलची कांब. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यूनं त्यासाठी १९२१ साली पेटंटचा अर्ज केला. टोकाची नट फिरवली की कांब तारांच्या उलट दिशेला जोर लावते. तरीही नेक अगदी सरळ ठेवत नाहीत. खर्जाची तार मोठा घेर घेऊन थरथरते, तिला मध्ये जागा लागते, म्हणून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी साधारण तीनदशांश मिलिमीटरचा खोलगटपणा मुद्दाम राखतात. कागदाच्या दोन-तीन पानांएवढा.

आता लाकूड. परदेशात मेपल वापरतात. आपल्याकडे हाताशी आहे ते सागवान, आणि वर बोटांच्या पट्टीला शिसम. सागवान मुरलेलं असेल तर जागचं हलत नाही, पण त्यात सिलिका असते, पटाशीची धार ती लवकर खाते. तेलकटपणामुळे सरसही धरत नाही, म्हणून चिकटवायच्या अगदी आधी सांध्याची बाजू ॲसिटोननं पुसून घेतात. लाकडाच्या रेषा नेकच्या लांबीला समांतर असल्या पाहिजेत. तिरप्या निघून कडेला तुटल्या तर नेक तिथंच पिळते. तीन किंवा पाच पट्ट्या एकाआड एक रेषा उलटवून चिकटवल्या, तर एकीची वाकण्याची ओढ दुसरी आवरते.

घडवायची रीत अशी. एकदम गोल करायला जायचं नाही. आधी मधली रेघ मारायची, ती शेवटपर्यंत पुसायची नाही. मग फक्त जाडी उतरवायची, वरच्या टोकाला २१, बाराव्या फ्रेटपाशी २४ अशी, पाठ अजून सपाटच. त्यानंतर दोन ठिकाणी, पहिल्या फ्रेटपाशी आणि बाराव्यापाशी, पुठ्ठ्याच्या किंवा पत्र्याच्या साच्याला जुळेल असा आकार कानशीनं पूर्ण कोरायचा. बाकी सगळी लांबी तशीच राहू द्यायची. हे दोन घाट बरोबर झाले की मधला भाग स्वतःच ठरलेला असतो. लांब कानस दोन्हींवर आडवी टेकवून मधलं उंच तेवढं काढायचं. कडेला पंचेचाळीस अंशांचा सरळ पैलू पाडायचा, मग त्या पैलूच्या दोन्ही धारा मोडून आणखी दोन पैलू. गोलाई सरळ पैलूंतून येते, हे मला अजूनही विलक्षण वाटतं. हात गोल करायला गेला तर लाकडावर लाटा उठतात. पैलू मात्र डोळ्याला दिसतो, त्याची धार सरळ आहे की वाकडी हे कळतं, आणि चूक लपत नाही. शेवटी सँडपेपरची लांब पट्टी दोन्ही हातांत धरून, बुटाला चमक आणताना फडकं ओढतात तशी नेकच्या पाठीवरून ओढायची. पैलूंच्या धारा नाहीशा होतात.

काही कारागीर दोन्ही खांदे सारखे ठेवत नाहीत. जाड तारेकडची बाजू जरा भरीव, बारीक तारेकडची उतरती. पाठीवर अंगठा मध्यरेषेवर टेकतोच असं नाही, आणि ज्यानं आपला अंगठा खरंच कुठं टेकतो हे पाहिलं आहे त्यालाच हा प्रश्न पडतो. ज्याच्यासाठी नेक घडवायची त्याला तासभर वाजवायला बसवावं आणि त्याचा हात पाहावा. माप घेण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या उन्हाळ्याचा इथं वेगळा विचार करावा लागतो. लाकूड लांबीला जवळजवळ आटत नाही, आडव्या दिशेनं मात्र आटतं. एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत बोटांची पट्टी रुंदीला आक्रसते. फ्रेटची धातूची तार काही आक्रसत नाही, आणि तिची टोकं कडेला बाहेर येतात. पावसाळ्यात मखमली वाटलेली नेक मेमध्ये बोट ओरखडते. म्हणून फ्रेट बसवायचं लाकूड इथल्याच हवेत, शक्यतो एक पूर्ण उन्हाळा काढून मुरलेलं असावं, आणि फ्रेटची टोकं कानशीनं अर्धगोल करून कडेच्या किंचित आत ठेवावीत. पाठीवर जाड वार्निश चढवलं तर घामेजलेला अंगठा चिकटतो. पातळ तेलाचे दोन-तीन हात घासून मुरवले की हात सरकतो.

एक धीर मात्र राखावा लागतो. पहिल्या दिवशी नेक हव्या त्या मापाहून अर्धा मिलिमीटर जाडच सोडायची. तारा चढवायच्या, वादकाला आठवडाभर घरी न्यायला सांगायचं, आणि परत आल्यावर हात नेमका कुठं थकला ते विचारायचं. बहुतेक वेळा तो पहिल्या तीन फ्रेटपाशी, जाड तारेच्या खांद्यावर बोट ठेवतो. मग तारा उतरवून तेवढ्याच जागी पुन्हा कानस लावायची.