पुढची निवडणूक आणि आरोग्याचा कायदा

अमेरिकेतल्या आरोग्यधोरणाचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं : तिथले लोकप्रतिनिधी मतांसाठी काहीही करतात. हे अर्धंच खरं. कोणाची मतं आणि कोणत्या निवडणुकीतली, हे विचारल्याशिवाय तिथल्या कायद्यांचा उलगडा होत नाही. आपल्याकडे व्हिप मोडला तर पक्षांतरबंदी कायद्यानं सदस्यत्व जाऊ शकतं. तिथं असा कायदा नाही. सदस्यानं कसं मत दिलं याचा जाब मतदार थेट त्यालाच विचारतात.

गैरसमज : सवलत वाढवली की मतं मिळतात.

१९८८ मध्ये मोठ्या आजारात वृद्धांच्या खिशातून जाणाऱ्या खर्चाला मर्यादा घालणारा, मेडिकेअर या वृद्धांसाठीच्या सरकारी विम्याचा कायदा दोन्ही पक्षांनी भरघोस मतांनी मंजूर केला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केली. मेख एवढीच होती, की पैसा वृद्धांकडूनच उभा करायचा होता. सधन वृद्धांच्या प्राप्तिकरावर अधिभार लावला गेला, १९८९ साली जास्तीत जास्त ८०० डॉलर. पूर्ण ८०० भरावे लागणारे थोडेच होते, पण धास्ती सगळ्यांनी घेतली. ऑगस्ट १९८९ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या कर समितीचे अध्यक्ष डॅन रोस्टेन्कोव्स्की शिकागोत ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीतून बाहेर पडले, तर संतापलेल्या म्हाताऱ्यांनी त्यांची गाडी अडवली. एक आजीबाई चक्क बॉनेटवर आडव्या झाल्या. शेवटी साहेब गाडीतून उतरून पेट्रोल पंपावरून पळाले, आणि हे सारं टीव्हीवर दिसलं. त्यांचा स्वतःचा मतदारसंघ तसा भक्कम होता. घाबरले ते बाकीचे. ऑक्टोबरात प्रतिनिधीगृहानं ३६० विरुद्ध ६६ मतांनी कायदा मोडीत काढायचं ठरवलं आणि वर्षअखेरीपर्यंत तो जवळजवळ पूर्ण रद्दही झाला. घेणाऱ्याचा आवाज कमी आणि देणाऱ्याचा मोठा, हा धडा वॉशिंग्टन अजून विसरलेलं नाही.

गैरसमज : नको असलेल्या कायद्याविरुद्ध मत दिलं की खुर्ची वाचते.

मार्च २०१० मध्ये ओबामांचा आरोग्य कायदा प्रतिनिधीगृहात २१९ विरुद्ध २१२ असा निसटता मंजूर झाला. ३४ डेमोक्रॅट सदस्यांनी स्वपक्षाविरुद्ध मत दिलं. नोव्हेंबरात पक्षाच्या ६३ जागा गेल्या. पडलेल्यांत मिसिसिपीचे जीन टेलर आणि मिसूरीचे आइक स्केल्टन होते. दोघांनीही कायद्याला विरोधच केला होता! राग पक्षावर होता, तो निघाला उमेदवारांवर.

गैरसमज : बहुसंख्यांना हवं तेच विधिमंडळ करतं.

आयडाहो आणि नेब्रास्कात गरिबांसाठीच्या मेडिकेडचा विस्तार करायला विधिमंडळं तयार नव्हती. २०१८ मध्ये जनतेनं सार्वमत घेऊन तो करून घेतला. माझ्या मते इथं विरोधी पक्षापेक्षा प्रायमरीची, म्हणजे स्वपक्षातल्या उमेदवारीच्या लढतीची, भीती मोठी असते. २०२५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाचे रिपब्लिकन सिनेटर थॉम टिलिस मेडिकेडच्या कपातीवर बोट ठेवत ट्रम्प यांच्या विधेयकाला आडवे गेले. ट्रम्प यांनी प्रायमरीत आव्हान उभं करण्याची भाषा केली. टिलिस यांनी पुन्हा उभं राहणार नसल्याचं जाहीर केलं आणि अंतिम मतही विरोधातच दिलं.

गैरसमज : निवडणुकीचा धाक सगळ्यांना सारखाच.

प्रतिनिधीगृहाची मुदत २ वर्षांची, सिनेटरची ६. जुलै २०१७ मध्ये रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांनी अंगठा खाली करून ओबामा-कायदा मोडण्याचा प्रयत्न ४९ विरुद्ध ५१ असा पाडला. ते २०१६ मध्येच निवडून आले होते, शिवाय मेंदूच्या कर्करोगाचं निदान नुकतंच झालं होतं. त्यांच्यासारखंच विरोधात मत देणाऱ्या स्वपक्षीय सिनेटर लिसा मर्कोव्स्की यांचीही पुढची निवडणूक ५ वर्षं लांब होती. धैर्य होतंच, पण कॅलेंडरही सोबत होतं.

म्हणून असा कायदा वाचताना आधी तारखा पाहाव्यात. नोकरीतून मिळणाऱ्या महागड्या आरोग्यविम्यांवरचा ४० टक्के कर २०१० च्या कायद्यात होता, पण लागू व्हायचा होता २०१८ पासून. तो पुन्हा पुन्हा लांबला आणि एक डॉलरही वसूल न होता २०१९ मध्ये रद्द झाला. ट्रम्प यांच्या २०२५ च्या त्या कायद्यात टिप्सवरची करसवलत त्याच वर्षापासून आहे. मेडिकेडसाठी काम करण्याची अट मात्र राज्यांनी १ जानेवारी २०२७ पर्यंत लागू करायची आहे. मध्यावधी निवडणुकीचं मतदान आहे ३ नोव्हेंबर २०२६ ला.