देवमाशांचे पाहुणे

देवमासा नावाने मासा असला, तरी तो पिलांना दूध पाजणारा प्राणी आहे. अमेरिका व कॅनडा यांच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या सेलिश समुद्रात ऑर्का देवमाशांचा एक समुदाय येतो. चिनूक नावाचा सॅमन मासा हे त्याचे मुख्य अन्न. अंधाऱ्या पाण्यात डोळ्यांचा उपयोग थोडाच. म्हणून ऑर्का आवाज काढतो व त्याच्या प्रतिध्वनीवरून मासा कोठे आहे हे ओळखतो.

परंतु ऑर्का पाहण्याच्या हौसेने नौका जवळ आल्या, की यंत्रांच्या घरघरीत हा प्रतिध्वनी बुडून जातो. अशा वेळी माद्या पुष्कळदा शिकार सोडून देतात, असे अभ्यासकांना आढळले आहे. आई उपाशी, तर पिलू उपाशी! या समुदायात आता ८० हूनही कमी ऑर्का उरले आहेत.

म्हणून वॉशिंग्टन राज्यात १ जानेवारी २०२५ पासून नियम लागू झाला. नौकांनी या ऑर्कांपासून १००० यार्ड, म्हणजे सुमारे ९१४ मीटर, दूर राहावे. हौशी प्रेक्षकांना सॅन वॉन बेटाच्या किनाऱ्यावरूनही ते कधीकधी दिसतात.

पाहुण्याने यजमानाच्या तोंडचा घास हिरावू नये, हेच या नियमाचे सार होय.