पारशांचा संघ कुठे गेला?

मुलांनो, आमचं वेवजी गाव महाराष्ट्राच्या अगदी टोकाला, तलासरी तालुक्यात आहे. पलीकडे लगेच गुजरात. उंबरगाव रोडला सुरतेकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसलात की पुढचंच स्टेशन संजाण. इराणातून समुद्रमार्गे आलेले पारशी लोक शेकडो वर्षांपूर्वी प्रथम इथेच स्थिरावले, असं परंपरा सांगते. त्याची आठवण म्हणून १९२० साली उभारलेला कीर्तिस्तंभ तिथे आहे.

या पारशांचा एक क्रिकेट संघ होता. आपल्या देशात क्रिकेट रुजवलं ते त्यांनीच. पण आज तो संघ कुठेच खेळत नाही. तो हरून हरून संपला का? मुळीच नाही. मग काय झालं, ते ऐका.

१८४८ साली मुंबईतल्या पारशी तरुणांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. हिंदी लोकांचा हा पहिला क्रिकेट क्लब. खेळायचं कुठे, तर शहरातल्या मोकळ्या मैदानावर. तिथेच गोरे साहेब घोड्यांवर बसून पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी जमीन अशी उखडायची की चेंडू कुठे उसळेल याचा नेम नाही! साहेबांच्या बॉम्बे जिमखान्यापाशी स्वतःची छान हिरवळ होती, पण तिथे हिंदी माणसाला प्रवेश नव्हता. शापूरजी सोराबजी नावाच्या गृहस्थांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी या पोलोविरुद्ध सरकारकडे अर्जामागून अर्ज केले. पुढे १८९७ साली सोराबजींनी या भांडणावर चक्क एक पुस्तकच लिहिलं. चिकाटी म्हणतात ती ही!

१८८६ साली पारशांचा संघ बोटीने इंग्लंडला गेला. परदेश दौऱ्यावर गेलेला हा आपला पहिला क्रिकेट संघ. २८ सामने खेळले, त्यांतला फक्त १ जिंकला. १९ हरले. दाढीवाला प्रसिद्ध खेळाडू डब्ल्यू. जी. ग्रेस याच्याशीही त्यांची गाठ पडली. एवढा मार खाल्ल्यावर कोणी घरी बसलं असतं. हे दोनच वर्षांनी पुन्हा गेले! १८८८ च्या दौऱ्यात ३१ पैकी ८ सामने जिंकले, ११ हरले. या खेपेला त्यांच्यात मेहेलाशा पावरी नावाचा तरुण वेगवान गोलंदाज होता. एकट्याने दीडशेच्या वर बळी घेतले त्याने. पुढे तो डॉक्टर झाला.

आता एक गणित करा बरं. जानेवारी १८९० मध्ये व्हर्नन साहेबांचा इंग्लिश संघ मुंबईत आला. इंग्लंडहून हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आलेला हा पहिलाच संघ. सामना बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर, म्हणजे जिथे हिंदी माणसाला एरवी मज्जाव, तिथेच. साहेबांनी पहिल्या डावात ९७ धावा केल्या, पारशांनी ८२. दुसऱ्या डावात पावरीची गोलंदाजी अशी चालली की इंग्लिश संघ ६१ धावांत गुंडाळला गेला. मग पारशांना जिंकायला किती हव्या होत्या? पाटीवर मांडून बघा. ७७ ना? तेवढ्याच केल्या त्यांनी, ६ गडी गमावून! त्या सबंध दौऱ्यात व्हर्ननचा संघ फक्त हा एकच सामना हरला.

त्यानंतर १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असा सामना दरवर्षी होऊ लागला. १९०७ साली हिंदूंचा संघ आला, तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ साली मुसलमानांचा संघ आल्यावर चौरंगी झाले, आणि ती पहिली चौरंगी पारशांनीच जिंकली. १९२२ आणि १९२८ सालीही तेच विजेते. १९३७ पासून 'इतर' नावाचा पाचवा संघ आला. आपल्या सांगलीचे विजय हजारे ख्रिश्चन, म्हणून ते या 'इतर'मध्ये. १९४३ च्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या!

पण यातली गोम तुमच्या लक्षात आली का? कोणी कुठल्या संघात खेळायचं, हे जन्मावरून ठरायचं. पळवणकर बाळूचंच बघा ना. चांभार समाजातला हा मुलगा पुण्यात पारशांच्या एका क्लबात खेळपट्टीची झाडलोट करायचा, महिना ३ रुपये पगारावर. फावल्या वेळात गोलंदाजी करता करता तो देशातला उत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. पारशांच्या संघात त्याला जागा असणं शक्यच नव्हतं. हिंदूंनी घेतलं, पण पुण्यात त्याला चहा मात्र तंबूबाहेर, वेगळ्या भांड्यात मिळे. आणि एवढं खेळूनही कर्णधारपद त्याला कधीच दिलं नाही. ते १९२३ साली त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

धर्मावर पाडलेले असे संघ अनेकांना खटकू लागले. १९४० साली महात्मा गांधींनीही हे सामने आपल्याला मान्य नाहीत असं सांगितलं. तिकडे १९३४ पासून रणजी सामने सुरू झालेच होते. तिथे संघ प्रांताचे असत, त्यात सगळ्या जातीधर्मांचे खेळाडू. शेवटी १९४६ साली पंचरंगी सामने कायमचे बंद झाले आणि त्यांच्याबरोबर पारशांचा संघही. मला विचाराल तर हे योग्यच झालं. पण पावरी आणि मंडळींची नावंही आपण विसरून गेलो, ते काही योग्य नाही.

खेळाडू थोडेच संपले? या संघातून खेळलेले पॉली उम्रीगर पुढे भारताचे कर्णधार झाले. याच संघातले डॉ. कांगा यांच्या नावाने १९४८ पासून मुंबईत कांगा लीग सुरू झाली. ती भर पावसाळ्यात खेळतात, चिखलात! आणि १८८५ साली स्थापन झालेला पारशी जिमखाना मरीन लाइन्सला समुद्रासमोर अजून आहे. त्याचा क्रिकेट संघही आहे, पण आता त्यात पारशीच हवा असं नाही. २०२४ च्या टी-२० विश्वचषकात सीमारेषेवर तो भन्नाट झेल घेणारा सूर्यकुमार यादव आठवतो ना? मुंबईच्या क्लब सामन्यांत तो याच पारशी जिमखान्याकडून खेळलेला आहे.